खंड्याची आंघोळ

आमच्या दिवाणखान्याच्या खिडकीत काचेचे तुकडे जोडून केलेला एक खंड्या पक्षी टांगलाय. दीड फूट बाय एक फूट, 74 तुकडे. मी मोजलेत. दिवाळीआधी त्याला पुसायचं काम माझ्याकडे असतं आणि त्या वेळात मोजण्यापलीकडे डोक्याला दुसरा उद्योग नसतो.

हे काम माझ्या गळ्यात पडलं ते तोंडामुळे. खंड्या आणला बायकोने. बनवणाऱ्या बाईंनी सोबत चिठ्ठी दिली होती : व्हिनेगर नको, काचा पुसायचं अमोनियावालं निळं पाणी नको, फवारा काचेवर नाही, फडक्यावर मारा. ती मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. आमच्याकडे जो वाचतो तो करतो.

खंड्या उतरवायचा तोही उभाच. ताटासारखा आडवा धरला की स्वतःच्या वजनाने वाकतो. मग जुन्या मलमलीच्या धोतराचा तुकडा, कोमट पाणी आणि कान कोरायच्या कापसाच्या काड्या. चोचीखालच्या कोपऱ्यात फडक्याचा एक धागा अडकतो. तो काढायला दुसरं फडकं न्यावं तर त्याचाही अडकतो.

यंदा मी काड्या आणायला खाली गेलो. वीस मिनिटं. वर आलो तर आई चिंच-मीठ आणि काथ्या घेऊन खंड्यासमोर बसलेली.

"अरे, किती कळकट झालाय हा! रेघा बघ कशा काळ्याकुट्ट."

"आई, तो मळ नाही. मुद्दाम काळ्या केल्यात त्या!"

"मुद्दाम कोण काळं करतं?"

मी समजावलं. प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळतात, वरून कथील-शिशाचा डाक देतात, मग तो रसायनाने काळा करतात. टिफनीचे न्यूयॉर्कमधले ते प्रसिद्ध रंगीत काचांचे दिवेसुद्धा असेच तांब्याच्या पट्टीने जोडलेले. आईने त्यातलं एकच ऐकलं.

"तांबं आहे ना आत? मग चिंचेशिवाय निघणार कसं?"

चोचीपासून डोळ्यापर्यंतची रेघ चांदीसारखी लखलखत होती. आई त्याच हाताने चिवड्याच्या डब्याकडे वळली, तेव्हा मी "शिसं, शिसं!" म्हणून असा ओरडलो की शेजारच्या काकू दारात आल्या. त्यांना 'शी' एवढंच ऐकू आलं होतं.

बनवणाऱ्या बाईंना फोन लावला.

"काय लावलंत?"

"चिंच."

बराच वेळ काही नाही. मग, "कोळ की अख्खी?"

काळं करायचं औषध कुरियरने पाठवते म्हणाल्या, चार दिवस लागतील. पण पाहुणे परवावर आलेले आणि मला दम कुठला. मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराच्या, पाण्यानेही डाकाचा रंग बदलतो, असं कधीतरी वाचलेलं आठवलं. चुलतभावाची द्राक्षबाग आहे, बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी त्याच्याकडे मोरचूद पोत्याने असतं. चिमूटभर आणलं, हातमोजे घातले आणि कापसाच्या काडीने ते निळं पाणी रेघेवर फिरवलं.

रंग बदलला. रेघेवर तांब्याचा थर चढला, नव्या तांब्यासारखा लालसर.

आईने चष्मा पुसून जवळून पाहिलं.

"बघ! म्हटलं नव्हतं, घासल्यावर आतलं तांबं निघेल म्हणून?"