मूडल फुकट आहे, मूडल सांभाळणारा फुकट नाही

कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची तपासणी जवळ आली की कॉलेजात दोन कामं हमखास निघतात. भिंतींना रंग, आणि वेबसाइटवर ‘एलएमएस’ नावाचं, म्हणजे ऑनलाइन नोट्स-चाचण्यांच्या साइटचं बटण. तपासणी झाल्यावर रंग दोन-तीन वर्षं टिकतो. बटण दाबलं की ‘साइट सापडत नाही’.

दोष सॉफ्टवेअरचा, म्हणजे एलएमएस चालवणाऱ्या मूडलचा, नाही. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी सुरू केलेल्या मूडलची पहिली आवृत्ती 2002 साली आली. परवाना जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे पाचशे मुलं चढवा की पाच हजार, माणशी एक रुपया लागत नाही. पण परवान्याचे पैसे वाचले म्हणजे खर्चच संपला, असं आपल्या संस्थाचालकांना वाटतं आणि गाडी तिथेच अडते.

आधी सर्व्हरचं बघू. मूडलवाल्यांचाच ढोबळ हिशोब आहे: 1 जीबी रॅममागे एकाच वेळी वापरणारे 10 ते 20 जण. साठ मुलांची तुकडी एकदम चाचणीला बसवायची तर 3 ते 6 जीबी लागणार. एफवायबीएची 240 मुलं सकाळी अकराच्या ठोक्याला बसवायची हौस असेल तर 12 ते 24. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक साइट्समध्ये वाटलेला) नोट्स ठेवता येतात, चाचणी घेता येत नाही. त्यापेक्षा साठ-साठचे चार ग्रुप करा आणि चाचणीच्या ‘ग्रुप ओव्हरराइड’ या सेटिंगमध्ये प्रत्येक ग्रुपला वेगळी वेळ द्या. आणि सर्व्हर कॉम्प्युटर लॅबच्या कोपऱ्यात ठेवू नका. मे महिन्यात सोलापूरचा पारा 42च्या पुढे जातो आणि सुट्टीत लॅबचा एसी बंद असतो.

बसवताना दोन चुका ठरलेल्या. एक, चढवलेल्या फाइलींचं मूडलडेटा हे फोल्डर वेबसाइटच्या फोल्डरमध्येच ठेवणं, म्हणजे मुलांच्या फाइली वाटसरूला उघड्या. ते बाहेरच हवं. दुसरी, क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं उरकणारा प्रोग्रॅम, न लावणं. क्रॉन दर मिनिटाला चालायला हवा. तो बंद असला तरी साइट वरून ठणठणीत दिसते, पण मेल जात नाहीत, आपोआप होणारा बॅकअपही होत नाही. ॲडमिनच्या नोटिफिकेशन्स पानावर इशारा असतो. ते पान उघडतं कोण?

खरा घोळ मुलांची यादी चढवताना होतो. 16 अंकी पीआरएन (मुलाचा विद्यापीठातला कायम नोंदणी क्रमांक) एक्सेलमध्ये चिकटवला की एक्सेल 15 अंकच धरतो आणि शेवटच्या अंकाचं शून्य करतो. शेजारशेजारच्या नंबरांची मुलं एकाच पीआरएनवर येतात आणि बरीचशी यादी ‘युजर आधीच आहे’ म्हणून परत येते. चिकटवण्याआधीच तो कॉलम टेक्स्ट करून घ्या, नंतर करून गेलेला अंक परत येत नाही. फाइल सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-8 निवडा, नाहीतर ‘ज्ञानेश्वर’च्या जागी प्रश्नचिन्हं येतील. ईमेलचा कॉलमही तपासा: प्रवेशाचा फॉर्म नेट कॅफेत भरलेला असतो, त्यामुळे दहा मुलांपुढे कॅफेवाल्याचाच ईमेल निघतो. सेटिंग बदललं नसेल तर मूडल एक ईमेल एकालाच देतं.

मराठीच्या प्राध्यापकांची अडचण निराळी. वीस वर्षांच्या नोट्स श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप केलेल्या. त्या तशाच पेस्ट केल्या की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला.

माझं स्पष्ट मत: पहिल्या सत्रात नोट्स चढवायच्याच नाहीत. नोट्स व्हॉट्सॲपवर फिरतातच, त्यासाठी पासवर्ड लक्षात ठेवून कोण लॉगिन करणार? एका पेपरची प्रश्नपेढी करा. प्रश्न चढवायला एकेन (Aiken) फॉरमॅट सगळ्यात सोपा, नोटपॅडमध्ये होतो: एका ओळीत प्रश्न, खाली प्रत्येक पर्याय वेगळ्या ओळीत, शेवटी उत्तराची ओळ. पर्यायांची अक्षरं आणि ‘आन्सर’ हा शब्द मात्र इंग्रजी कॅपिटलमध्येच हवा. ‘अ, ब, क, ड’ लिहिलं की इम्पोर्ट अडकतो, आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात दुपार जाते. प्रत्येक घटकाचे चाळीस प्रश्न टाका, चाचणीत त्यातले दहा रँडम काढा. शेजारच्याचा पेपर बघून फारसं काही हाती लागत नाही. करमाळ्याच्या पोराची रेंज मध्येच गेली तरी उत्तरं साधारण मिनिटामिनिटाला सेव्ह होत असतात.

आता माणसाचं. बहुतेक ठिकाणी ॲडमिन म्हणजे एखादा सीएचबीवरचा, म्हणजे तासावर पगार मिळणारा सर. सत्र संपलं की सर जातात, त्यांच्याबरोबर पासवर्डही जातो. ॲडमिन दोघे हवेत, त्यातला एक कायम नोकरीतला. बॅकअप म्हणजे डेटाबेस, मूडलडेटा आणि कॉन्फिग फाइल, तिन्ही. सत्रातून एकदा तो दुसऱ्या मशीनवर चढवून लॉगिन होतंय का ते बघा. नवी आवृत्ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, आधी प्रतीवर, आणि शक्यतो एलटीएस, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळणारीच. 2024च्या ऑक्टोबरमध्ये आलेली 4.5 ही तशी आहे.

हे करायला कुणीच नसेल तर गूगल क्लासरूम वापरा, त्यात कमीपणा नाही. पण त्याआधी एक विचार करा. आपलं सोलापूर विद्यापीठ 2004 पासून एकाच जिल्ह्याचं आहे. स्वायत्त कॉलेजं सोडली तर बार्शीचा आणि सांगोल्याचा अभ्यासक्रम एकच. मग पाच कॉलेजांनी मिळून एक सर्व्हर घ्यावा आणि एक पगारी माणूस नेमावा. मूडलमध्ये प्रत्येक कॉलेजला स्वतंत्र कॅटेगरी देता येते, मॅनेजरचे अधिकारही तेवढ्यापुरतेच. अर्थशास्त्राची प्रश्नपेढी पंढरपुरात तयार झाली की मंगळवेढ्याला ती फाइल तशीच चढवता येते.

महाविद्यालय विकास समितीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी ‘एलएमएस देखभाल’ अशी वेगळी ओळ मागून घ्या. ‘संगणक दुरुस्ती’खाली टाकलेले पैसे दिवाळीपर्यंत प्रिंटरच्या टोनरमध्ये गेलेले असतात.