ब्युफर्ड ‘शहर’ कुणी विकत घेतलेलं नाही, कारण ते शहरच नाही

बरीच वर्षं फिरत असलेला मजकूर असा: ‘अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या ब्युफर्ड शहराची लोकसंख्या फक्त १. एका व्हिएतनामी माणसाने अख्खं शहर विकत घेतलं आणि तो तिथला महापौर झाला.’ सोबत ‘लोकसंख्या १, उंची ८,०००’ अशा पाटीचा फोटो.

आधी ‘शहर’. ब्युफर्ड ही अनइन्कॉर्पोरेटेड वस्ती आहे. तिला नगरपालिका नाही आणि कायद्याने आखलेली हद्दही नाही; कारभार ऑल्बनी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) पाहते, जिचं मुख्यालय लॅरमी. नगरपालिकाच नाही, तर महापौर कुठून येणार?

खरेदी मात्र झाली. एप्रिल २०१२ मध्ये लिलावात ९ लाख डॉलर मोजले गेले, पण ते सुमारे १० एकर खाजगी जमीन, पेट्रोल पंप, दुकान, एक घर आणि १९०५ सालची जुनी शाळेची इमारत यांसाठी. हा मालमत्तेचा साधा व्यवहार होता. त्यातून रस्त्यावर, पोस्टावर किंवा आजूबाजूच्या रहिवाशांवर कसलाही अधिकार मिळत नाही.

खरा घोळ ‘लोकसंख्या १’ मध्ये आहे. तो आकडा पाटीवरचा, जनगणनेचा नव्हे. अमेरिकी जनगणना दोन प्रकारच्या ठिकाणांची लोकसंख्या वेगळी देते: नगरपालिका असलेली गावं, आणि नगरपालिका नसूनही आकडेवारीपुरती हद्द आखलेल्या वस्त्या, म्हणजे सीडीपी. ब्युफर्ड दोन्हींत नाही. काही जण मग ८२०५२ या झिप कोडचा आकडा पुढे करतात. तेही चूक, कारण झिप कोड टपालवाटपाच्या सोयीसाठी असतो आणि त्यात दूरवरची रँचेसही येतात.

एका माणसाचं कायदेशीर गाव हवं असेल तर ते नेब्रास्कातलं मोनोवाय. २०१० च्या जनगणनेत तिथे १ रहिवासी होता. २०२० मध्ये आकडा २ छापला गेला, पण दुसरं कुणी राहायला आलं नव्हतं. एकट्या माणसाचं वय, वंश जसंच्या तसं छापलं तर त्याची गोपनीयता उरत नाही, म्हणून जनगणना खाते छोट्या ठिकाणांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार करतं. राज्याची एकूण लोकसंख्या मात्र अचूक ठेवतात. त्यामुळे इतक्या लहान गावाचा २०२० चा आकडा शब्दशः घेऊ नये.

आणि उंची: पाटीवरचे ८,००० फूट साधारण बरोबर आहेत. पण ब्युफर्डवरून जाणाऱ्या आंतरराज्य महामार्ग ८० चा सर्वोच्च बिंदू ब्युफर्ड आहे असं कुणी समजत असेल, तर ते बरोबर नाही. तो लॅरमीच्या बाजूला शर्मन समिटपाशी, ८,६४० फुटांवर आहे.