काटा राहिला, म्हणजे पौलाचा विश्वास कमी होता?

प्रार्थनेविषयीचा एक संदेश वेगवेगळ्या रूपांत सतत फिरत असतो. त्याचा गाभा असा : “प्रार्थनेला उत्तर मिळत नसेल तर खोट देवात नाही, तुमच्या विश्वासात आहे. पाठ केलेल्या प्रार्थना मृत असतात, त्या म्हणू नका. पहाटे तीनला उठा, मनात शंका येऊ न देता मागा, मिळालंच असं समजा. हा संदेश दहा जणांना पाठवा.”

पहाटेचं सोडून देऊ. येशू स्वतः अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, असं मार्क आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, सांगतो. ज्याला जमतं त्याने खुशाल उठावं. तीनच्या ठोक्याला मात्र शास्त्राचा काही आधार नाही. बाकीचं सोडून देता येत नाही, कारण हा संदेश शेवटी आजारी माणसाच्या उशाशी जाऊन पोचतो.

“खोट तुमच्या विश्वासात आहे.” मग येशूचा प्रेषित पौल, त्याचं काय? त्याच्या शरीरात एक काटा होता. तो कसला, हे तो सांगत नाही. तो काढून टाकावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं आणि उत्तर आलं, “माझी कृपा तुला पुरे आहे” (बायबल, करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय 12). काटा तसाच राहिला. विश्वास वाढव, मग पाहू, असं त्याला कोणी म्हटलं नाही. आणि गेथशेमाने बागेत येशूने ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ म्हणून केलेली विनवणी? तो दुःखाचा, मरणाचा प्याला त्याला प्यावाच लागला. संदेशाचा हिशेब खरा मानला तर इथे विश्वास कोणाचा कमी पडला, हे संदेश लिहिणाऱ्यानेच सांगावं.

यावर मार्क 11:24 पुढे केलं जातं : जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा. वचन खरं आहे, ते पुसून टाकायचं मला काही कारण नाही. पण त्याला लागूनच पंचविसावं वचन आहे : प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर त्याला क्षमा करा. हे वचन पुढे पाठवलेलं मी अजून पाहिलेलं नाही. आणि गेथशेमानेची ती रात्र याच शुभवर्तमानात, अवघ्या तीन अध्यायांनंतर येते. ‘मिळालंच आहे’ म्हणणारा येशूच तिथे ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ म्हणतो. यातलं एकच वाक्य उचललं की प्रार्थनेची मागणीपावती होते.

संत ऑगस्टीन या आरंभीच्या काळातल्या ख्रिस्ती धर्माचार्याने आपल्या आईची, मोनिकाची, हकिगत लिहून ठेवली आहे. मुलगा समुद्रापार रोमला जाऊ नये म्हणून ती रात्रभर रडत प्रार्थना करत राहिली. तो तिला फसवून त्याच रात्री जहाजात बसला. पुढे इटलीतच, मिलानमध्ये, 387 साली त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि खरं तर आईची सगळी तळमळ त्यासाठीच होती. त्या रात्रीची मागणी देवाने नाकारली ती जन्माची मागणी पुरी करण्यासाठी, असा अर्थ त्याने स्वतःच लावला. प्रत्येक नकाराचा उलगडा असा होतो, असं मात्र मी म्हणणार नाही. पौलाच्या काट्याचा झालाच नाही.

“शंका नको.” आजारी मुलाचा बाप येशूला म्हणाला, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.” दोन्ही एका दमात. मुलगा बरा झाला. संशय न धरता मागावं, असं याकोबाच्या पत्रात आहे खरं; पण तिथे मागायचं काय, तर शहाणपण. आदलंच वचन वाचावं.

“पाठ केलेली प्रार्थना मृत असते.” ‘आम्हाला प्रार्थना करायला शिकवा’ असं शिष्यांनी म्हटलं तेव्हा येशूने त्यांना तयार शब्द दिले. ‘दिदाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीच्या शिकवणपुस्तिकेत ती प्रभूची प्रार्थना रोज तीनदा म्हणायला सांगितली आहे. वधस्तंभावर येशूचा “माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हा आक्रोश बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या बाविसाव्या स्तोत्रातला, आणि “मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो” हे एकतिसाव्यातलं. प्राण जाताना ओठांवर आले ते लहानपणापासून तोंडी बसलेले शब्द. नुसती बडबड नको, हे येशूनेच सांगितलंय. पण बडबड स्वतःच्या शब्दांतही होते. दर वाक्यात चारदा ‘प्रभू, प्रभू’ घालणारे आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. (मीही त्यातलाच.)

दहा जणांना पाठवण्याबद्दल काय बोलायचं? खोलीत जा, दार लावून घे, गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर, असं सांगणाऱ्याच्या नावाने हे चाललंय.

नवरा गेल्यावर एका बाईंनी मला विचारलं होतं, “माझाच विश्वास कमी पडला का?” असलाच संदेश त्यांना कोणीतरी पाठवला होता. मला चटकन काही सुचलं नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडून त्यांच्या हातात दिलं. रात्रंदिवस हाक मारणाऱ्या माणसाचं ते स्तोत्र, ज्याचा शेवट अंधारातच होतो. पुढे आशेची एक ओळही नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, “देवाशी असं बोललेलं चालतं?”

“छापलंय ना,” मी म्हटलं.