तिचं नाव लीना खामिस

आज सकाळी सिडनीतल्या आपल्याच एका मराठी ग्रुपवर तो व्हिडिओ पुन्हा आला. २०११ चा महिला फुटबॉल वर्ल्ड कप, जर्मनीतलं बोखुम, ऑस्ट्रेलिया विरुद्ध इक्वेटोरियल गिनी. चेंडू गोलच्या खांबाला लागून परत येतो आणि गिनीची ब्रुना पेनल्टी बॉक्समध्ये तो चक्क दोन्ही हातांनी झेलते, मग सोडून देते. रेफरी पेनल्टी देत नाही. वर कोणीतरी लिहिलंय, 'बायकांचं फुटबॉल!' खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

रेफरीची चूक भयंकरच होती, त्यावर वाद नाही. पण खांबाला लागलेला तो फटका मारला कोणी, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही? ऑस्ट्रेलियाच्या लीना खामिसने मारला होता. त्याच मॅचमध्ये ८ व्या मिनिटाला पहिला गोल तिनेच केला होता, आणि ऑस्ट्रेलिया ३-२ जिंकली. तो गोल कोणी फॉरवर्ड करत नाही.

माझी ऑफिसातली मैत्रीण लीनासारखीच असिरियन आहे (मूळचे इराक-तुर्कस्तान-सीरिया भागातले ख्रिस्ती लोक), सिडनीतल्या फेअरफिल्डची. त्या रात्री तिच्या घरी सगळे जागे होते. गोल झाला तसे तिचे आजोबा उठून उभे राहिले आणि 'खामिस, खामिस' म्हणत राहिले. फुटबॉलचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. १९१५ ला ऑटोमन राज्यात कत्तल, १९३३ ला इराकमध्ये सिमेलेला पुन्हा कत्तल, मग जगभर पांगापांग. ना स्वतःचा देश, ना वर्ल्ड कपला स्वतःची टीम. त्या म्हाताऱ्या माणसाला आपल्यातली एक पोरगी तिथे दिसली. आणि आपण त्याच मॅचवर दात काढतोय!

एका दादांनी मला लिहिलं, 'गंमत आहे हो, एवढं काय मनाला लावून घेता.' दादा, गंमत नेहमी बायकांच्याच खेळाची का होते?

बरं, लीना काही सॅम करसारखी जगभर गाजलेली ऑस्ट्रेलियन स्टार नव्हती. मान्य. पण २००८ मध्ये डब्ल्यू-लीग, म्हणजे ऑस्ट्रेलियातली बायकांची फुटबॉल लीग, सुरू झाली तेव्हा पहिल्याच सीझनला सगळ्यात जास्त गोल लीनाचे होते, ७. सिडनी एफसीची ती वर्षानुवर्षं स्ट्रायकर होती. धाकटी बहीण शामसुद्धा त्याच लीगमध्ये खेळली. एका घरातून दोन मुली! त्या आईवडिलांना मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

पैसा म्हणाल तर २०१५ मध्येसुद्धा मटिल्डाजच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या महिला टीमच्या, करारात मूळ रक्कम वर्षाला २१,००० ऑस्ट्रेलियन डॉलर होती. त्यांना अमेरिकेचा दौरा सोडून संप करावा लागला. पुरुषांबरोबर उत्पन्नाच्या समान वाट्याचा करार व्हायला २०१९ उजाडलं. लीनाच्या ऐन उमेदीची वर्षं तोवर निघून गेली होती. हे लिहिताना राग ओसरतोय आणि नुसतं वाईट वाटतंय.

मैत्रीण सांगते, आजोबा पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या गोलबद्दल सांगायचे, फटका कुठल्या पायाने मारला तेसुद्धा. ते बरोबर होतं की नाही कोण जाणे, ऐकणारे मात्र ऐकायचे.

२०२३ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये मटिल्डाजच्या सेमीफायनलला सिडनीत ७५,००० च्या वर माणसं आली, आपलेही कितीतरी जण होते, फोटो पाहिलेत मी. ते स्टेडियम भरायला लीनाची पिढी खपली आहे. आपण फेअरफिल्डला खरेदीला जातो, तिथल्या असिरियन बेकरीतून गरम ब्रेड आणतो, त्या लोकांच्या घरी जेवतो. त्यांच्या पोरीचं नाव आपल्याला माहीत नको?