बादली तिकडची, डबकं आपलं

मार्चमधली रात्र, भुरभुर पाऊस, अंगात शिरणारी थंडी. इंग्लंडमधल्या आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर आम्ही सहा जण चमकणारी जाकिटं घालून, एका हातात टॉर्च नि दुसऱ्या हातात बादली घेऊन फिरत असतो. हिवाळाभर झाडीत दडून राहिलेले भेक, म्हणजे खडबडीत कातडीचे बेडूक, आपल्या जुन्या तळ्याकडे निघालेले असतात आणि मध्ये हा वाहता रस्ता येतो. नर उचलला की तो हातमोज्यात बारीक चिरकतो. मादी उचलावी तर तिच्या पाठीवर नर घट्ट चिकटलेला असतो. मग दोघांना एकत्रच बादलीत ठेवायचं, पलीकडे सोडायचं आणि वहीत आकडा लिहायचा. अशी पथकं इथं गावोगाव आहेत. लंडनच्या हॅम भागात तर दर वसंतात भेकांसाठी एक रस्ताच बंद ठेवतात.

त्याचे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले आणि धाकट्या भावाचा नाशिकहून फोन आला. “ताई, तिकडं तुम्हाला वेळ आहे. इथं २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय, सगळीकडे रस्ते खणलेत. बेडकांचं काय घेऊन बसलीस?” पाथर्डी फाट्याजवळच्या त्याच्या कॉलनीत ओपन स्पेसला पेव्हर ब्लॉक बसवायचं घाटतंय. तिथं पावसाळ्यात डबकं साचतं, आणि मागच्या पावसाळ्यात दोन घरांत डेंग्यू झाला होता.

डेंग्यूची भीती खरी आहे, ती मी झटकून टाकणार नाही. पण डेंग्यूचा डास मुख्यतः घराभोवतीच्या साठवलेल्या, तुलनेने स्वच्छ पाण्यात वाढतो: गच्चीवरची उघडी टाकी, कूलर, कुंडीखालची ताटली, टायर. ते सोडून आपण आधी डबकं बुजवतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. आपला मोठा बेडूक, पावसात पिवळाधमक होणारा, त्याची पिल्लं मांसाहारी असतात. डासांच्या अळ्याही ती सोडत नाहीत.

पेव्हर ब्लॉकची मला जास्त धास्ती वाटते ती वेगळ्या कारणानं. मखमलाबादला आजोबांच्या मळ्यात ऐन एप्रिलमध्ये आळं खणताना ढेकळातून एक गोटीसारखा गोल बेडूक निघाला होता. डोळे मिटलेले, अंगाला ओली माती. आजोबांनी कुदळ बाजूला ठेवली, त्याला ओंजळीत घेतलं आणि पाटाच्या कडेला माती उकरून पुन्हा झाकून ठेवलं. “मृगात येईल वर,” म्हणाले. आपल्याकडचे कितीतरी बेडूक असे वर्षातले बरेच महिने जमिनीखाली काढतात. त्यांच्या डोक्यावर सिमेंटचा ठोकळा बसला, तर मृग आला काय नि गेला काय.

२०२३मध्ये जगातल्या आठ हजारांहून अधिक उभयचर जातींची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. बेडकांच्या त्वचेला लागणाऱ्या बुरशीनं जगभरात ९० जाती संपवल्या असाव्यात, असा अंदाज आहे, आणि ती बुरशी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही सापडली आहे. तरी सगळ्यात मोठं कारण साधं आहे: राहायची जागाच जाते.

आणि इथं इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं भावाला वाटत असेल, तर तसंही नाही. या देशानं गेल्या शतकात आपली जवळपास निम्मी तळी बुजवली. उरलेल्या तळ्यांपर्यंत भेकांना रस्त्यापलीकडे बादलीतून पोचवावं लागतं. कायद्यानं संरक्षण असलेल्या न्यूटसारख्या (पालीसारखा दिसणारा उभयचर) प्राण्यामुळे घरबांधणी अडते अशी ओरड इथंही आहे. २०२५मध्ये अर्थमंत्र्यांनीच बिल्डरांना वटवाघळं आणि न्यूटची काळजी सोडायला सांगितलं. मी बादली धरते तेव्हा मला अभिमान वाटत नाही, उशीर झाल्याचं वाईट वाटतं.

नाशिकला अजून तेवढा उशीर झालेला नाही. २०२५च्या शेवटी तपोवनातल्या झाडांसाठी नाशिककर रस्त्यावर उतरले, ते बघून इथं बसून माझा ऊर भरून आला. नांदूरमध्यमेश्वरला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाल्याचं २०२०मध्ये जाहीर झालं. बेडकांच्या तंगड्यांची परदेशी निर्यात १९८७मध्ये थांबवली ती आपल्याच देशानं, परकीय चलनावर पाणी सोडून. म्हणजे आपल्याला कळत नाही असं नाही. पण झाडाला मिठी मारता येते, पक्षी दुर्बिणीतून दिसतात. पाइपात घातलेल्या नाल्यासाठी आणि कॉलनीतल्या ओल्या मातीसाठी मात्र कुणी मोर्चा काढत नाही.

रविवारी कॉलनीची मीटिंग आहे. भावाला मी लिहून पाठवलंय: चालायची वाट तेवढी पेव्हरची करा. उताराकडचा कोपरा मातीचाच राहू दे, त्याला कुंपण घालायचा खर्च मी देते. आणि मीटिंगच्या आधी सगळ्यांच्या गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं एकदा बघून या.