गांधीलमाशी आंधळी नाही, आई!

परवा आईचा फोन. परसात बांगडे कापते त्या दगडावर गांधीलमाशा येतात म्हणून तिने फिनेल ओतलंय, आणि आता वळचणीच्या पोळ्यावर पेट्रोल शिंपडून काडी लावायचा बेत आहे. कारण ग्रुपवर आलंय: ‘गांधीलमाशीला नीट दिसत नाही. अन्नावर ती वासाची खूण सोडते नि त्या वासावर परत येते. खूण पुसा, पोळं जाळा. वाचली तर ती तुमचा चेहरा लक्षात ठेवून डूख धरते.’

दिसत नाही, पण चेहरा लक्षात राहतो! लिहिणाऱ्याने निदान स्वतःचं तरी वाचायचं.

आधी पेट्रोल. त्याची वाफ हवेत पसरते नि काडी ओढताच भडकते. वर सुके वासे, खाली सुती साडीतली सत्तरीची बाई. पोळ्याआधी पदर पेटेल. पोळं खरंच अडत असेल तर जाणता माणूस बोलवा, एवढंच.

आता वास. पहिल्यांदा मासळीचा पत्ता वासाने लागतो, हे मान्य. पण पुन्हा तीच जागा? निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने एका गांधीलमाशीच्या वाळूतल्या बिळाभोवती पाइनची सुकी बोंडं गोल मांडली. माशी सरावली. मग ती शिकारीला गेल्यावर त्याने ते कडं फूटभर बाजूला सरकवलं. बाई परतल्या त्या थेट रिकाम्या कड्याच्या मधोमध! खरं बीळ शेजारीच. बोंडांच्या वासाने येत असेल? तेही त्याने पाहिलं: एकीकडे पाइनच्या तेलाचा वास, दुसरीकडे बोंडं. माशी बोंडांकडे गेली. हे १९३२ सालीच छापून आलंय, आणि पुढे १९७३ला नोबेल मिळालेला माणूस आहे हा, ग्रुपचा ॲडमिन नव्हे.

ते घराचं झालं, पण अन्नाचंही तसंच. नवं खाणं सापडलं की माशी निघताना गर्रकन वळते, त्याच्याकडे तोंड करून डावी-उजवीकडे झोके घेते, आजूबाजूच्या खुणा टिपते. गेल्या मे महिन्यात मी आईच्या दगडाजवळची लाल बादली दोन हात सरकवली होती. बांगड्याचा तुकडा नेलेली माशी परत आली ती बादलीपाशी, आणि तिथल्या कोरड्या फरशीवर घिरट्या घालत बसली. तुकडे दगडावरच होते.

चेहऱ्याचं म्हणाल तर अमेरिकेतली एक जात एकमेकींचे चेहरे ओळखते. एकमेकींचे; त्यावरून ती तुमच्यावर डूख धरते असं ठरत नाही.

आईला म्हटलं, फिनेल राहू दे, आतडी लगेच माडाच्या बुंध्याशी पुर. ती म्हणाली, “ते करते रे, पण बादली कुठे ठेवू?”