रोहिंग्या छावण्यांतील शिक्षण: एक खुलासा

बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या निर्वासित छावण्यांतील रोहिंग्या (म्यानमारमधील मुस्लिम अल्पसंख्याक समाज) मुले बांगलादेशी शाळांत शिकून तेथील प्रमाणपत्रे मिळवत आहेत, असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. त्यांच्या मुलांना स्थानिक शाळांत प्रवेश देण्यास आणि छावण्यांत बांगलादेशी अभ्यासक्रम शिकवण्यास तेथील सरकारने परवानगी दिली नाही. म्हणून युनिसेफ आणि इतर संस्थांनी बांबू व ताडपत्रीची शिक्षण केंद्रे उभारली (पक्क्या बांधकामाला मनाई होती). तेथे मुले पाळीपाळीने इंग्रजी, बर्मी, गणित आणि जीवनकौशल्ये शिकत. साधारणपणे एक स्थानिक बांगलादेशी शिक्षक आणि एक रोहिंग्या स्वयंसेवक शिक्षक मिळून वर्ग चालवत. हे अनौपचारिक शिक्षण होते, त्यातून कोणत्याही देशाची मान्यताप्राप्त पदवी किंवा दाखला मिळत नव्हता.

गोंधळ बहुधा पुढच्या टप्प्यामुळे झाला असावा. जानेवारी २०२० मध्ये सरकारने म्यानमारचाच अभ्यासक्रम प्रायोगिक पातळीवर सुरू करण्यास संमती दिली आणि महासाथीमुळे लांबलेले हे काम २०२१ च्या अखेरीस सुरू झाले. मुलांना मायदेशी परतल्यावर शिक्षण पुढे चालू ठेवता यावे, हा त्यामागचा हेतू आहे; बांगलादेशात स्थायिक होण्याशी त्याचा संबंध नाही. मात्र म्यानमारने त्या शिक्षणाला मान्यता दिलेली नसल्याने वरच्या इयत्तेपर्यंत पोहोचलेल्या मुलाच्या हातीही अधिकृत कागद पडत नाही, आणि माझ्या मते खरी चिंता याच गोष्टीची करायला हवी.

शिवाय ही केंद्रे स्थिरही नाहीत. निधीच्या टंचाईमुळे जून २०२५ मध्ये युनिसेफला बहुतेक केंद्रांतील वर्ग थांबवावे लागले आणि हजाराहून अधिक स्थानिक शिक्षकांचे काम गेले.